गाद्यांच्या भिंतीआड

नन्नाकाकूंना हे नाव त्यांच्या सासूबाईंनी दिलं, तेही लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात. घरामागच्या गाद्यांच्या कारखान्यात नवी सून पहिल्यांदा आली, तेव्हा सासरे जुन्या गाद्यांतला कापूस झाडून नव्या कापसात मिसळत होते. त्या धंद्यात सगळेच मिसळत. नव्या सुनेने हातातली टोपली खाली ठेवली आणि सांगितलं, "नाही. हा कापूस मी पिंजणार नाही. कुणाच्या आजारपणातला असेल, काय माहीत!" सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "ही तर माहेरून नन्नाचा पाढा पाठ करूनच आलीय!"

तेव्हापासून त्या नन्ना. पुढे वय झालं, केस पिकले, कामगार काकू म्हणू लागले, आणि नन्नाच्या नन्नाकाकू झाल्या.

नकाराचा त्यांनी कधी कंटाळा केला नाही. फोमच्या गाद्या विकायला ठेवा म्हणून गोड बोलणारा एजंट आला, त्याला पाणी दिलं आणि नाही म्हणून सांगितलं. नवऱ्याने पुढची अर्धी जागा भाड्याने द्यायचं काढलं, तेव्हाही नाही. मुलीला शिकायला परगावी पाठवू नका, असं सगळं घर एका सुरात म्हणालं, तेव्हा काकू त्या सगळ्या घराला नाही म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी मुलीची बॅग भरायला घेतली.

काका म्हणजे अगदी दुसरं टोक. त्यांच्या तोंडून आयुष्यात नकार निघाला नव्हता. कुणी काही मागितलं की "हो हो, बघू की, होऊन जाईल." असा माणूस सगळ्यांनाच हवा असतो, त्यामुळे कारखान्याच्या मागच्या मैदानावर जो स्पोर्ट्‌स क्लब होता, त्याचे ते वर्षानुवर्षं सचिव होते. खुर्च्या लावण्यापासून अध्यक्षांचं भाषण लिहिण्यापर्यंत सगळं तेच करत. आणि व्यासपीठावर बसत दुसरेच.

या घरातली तिसरी महत्त्वाची व्यक्ती म्हणजे उशी.

उशी ही कुत्री. मुलगी परगावी जायच्या आधी तिला चिंध्यांच्या पोत्यात हे मुठीएवढं पिल्लू सापडलं. कापूस चिकटून ते इतकं पांढरं आणि फुगलेलं दिसत होतं, की पहिल्या दिवशी कारखान्यातल्या एका बाईने खरोखरच त्याला उशी समजून उचललं. मुलगी गेली, उशी राहिली. पोरगी घरात नाही म्हणून जी काळजी काकूंच्या अंगात रिकामी फिरत होती, ती सगळी उशीच्या वाट्याला आली. तिने खाल्लं का, तिला ताप तर नाही, ती आज गप्प का. काका म्हणायचे, "अगं, कुत्री आहे ती, परीक्षेला नाही बसलीय."

पण कारखान्यात उशीला शिस्त लावली ती सासूबाईंनी. त्यांचा एकच कायदा होता: विकायच्या गादीवर कुणी पाय ठेवायचा नाही. माणसाने नाही, मुलाने नाही आणि जनावराने तर नाहीच. आपल्या आधी या गादीवर कुणी लोळलंय हे गिऱ्हाइकाला कळलं, तर कारखान्याला टाळं लागेल, असं त्यांना मनापासून वाटे. पिल्लू असताना उशी गादीवर चढली, की सासूबाईंची काठी जमिनीवर आपटे. अंगाला कधी लावली नाही, पण तो खट्‌ असा आवाज पुरे होता. महिन्याभरात उशीला असं वळण लागलं की गाद्यांच्या थप्पीशेजारून जातानाही ती अंग चोरून जाई. झोपायची ती पिंजायच्या मशीनजवळ, उघड्या फरशीवर. मशीनची घरघर सुरू झाली की तिला पाळण्यात घातल्यासारखी झोप लागे.

गेल्या वर्षी क्लबने सामना जिंकला आणि कुणाला काही न सांगता मैदानावर फटाक्यांची माळ लावली. घरात कुणी नव्हतं. उशीने कारखान्याच्या खिडकीची जाळी फाडली, खांदा सोलवटून घेतला आणि ती पळत सुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सापडली, वखारीमागच्या सिमेंटच्या पाइपात, लघवीत भिजलेली. काकूंनी हाक मारली तरी तिला ओळख पटेना. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी खांद्याला टाके घातले, मग बराच वेळ तिच्या छातीला नळी लावून ऐकत राहिल्या.

"काकू, हिचं हृदय थकलंय आता. पुन्हा अशी जीव घेऊन पळाली, तर मी काही शब्द देऊ शकत नाही."

हे वाक्य काकूंच्या डोक्यात वर्षभर रुतून बसलं होतं. म्हणून काकांनी जेवताना जेव्हा अगदी सहज सांगितलं, की क्लबला पन्नास वर्षं झाली, मोठा कार्यक्रम आहे, माझा सत्कार आहे, तुलाही व्यासपीठावर बोलावणार आहेत, आणि शेवटी फटाक्यांची आतषबाजी आहे, तेव्हा काकूंचा घास हातातच राहिला.

"कुठे उडवणार?"

"मैदानातच. आपल्या मागच्या भिंतीपासून बरंच लांब आहे."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"मी सचिव आहे, नन्ना. सगळ्यांनी ठरवलं."

"कापसाच्या कारखान्यामागे?"

"पाण्याचा टँकर उभा राहणार आहे. ठिणगीची काळजी करू नकोस."

"ठिणगीची काळजी टँकर करेल. उशीची कोण करणार?"

काका म्हणाले, "तिला झोपेची गोळी देऊ अर्धी. आईची आहे ना."

सासूबाई ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या गोळीला हात लावाल तर बघा."

काकू दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. माणसांची गोळी अजिबात द्यायची नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं. आणि या हृदयाला गुंगीचं औषध नको, त्यापेक्षा आवाजच कमी पोचेल अशी जागा करा. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. उजेड असतानाच फिरवून आणा, लवकर जेवू घाला, पाणी जवळ ठेवा. गळ्यातला पट्टा नीट बघा, त्यावर फोन नंबर हवा. रोजचा ओळखीचा आवाज चालू राहू दे. "आणि तिला ओढून कुठे कोंडू नका. तिच्या पायाने आत जाऊ दे, बाहेर यायची वाट मोकळी ठेवा. घरातलं कुणीतरी शेवटपर्यंत तिच्याजवळ बसायला हवं. बाकी काही जमलं नाही तरी हे जमवा."

तिथून काकू थेट क्लबच्या अध्यक्षांच्या दुकानात गेल्या. अध्यक्षांचं टाइल्सचं दुकान होतं. हसतमुख माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि आणखी हसले.

"काकू, एका कुत्रीसाठी आभाळ बंद ठेवायचं का?"

"आभाळ राहू द्या. मैदान बदला. नदीकाठची जागा मोकळी आहे, तिथे ना घरं ना जनावरं."

"तिथे लोक येणार नाहीत हो. आणि तुम्ही तर व्यासपीठावर असणार! वरून काय सुंदर दिसेल सांगू!"

"मी येणार नाही."

"बघा, तुमचं सुरू झालं!" अध्यक्षांनी दुकानातल्या पोऱ्याला चहा सांगितला. काकू चहा न घेताच उठल्या. नावाचा हा एक तोटा होता. त्यांचा नकार लोकांना गंमत वाटायचा.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच काकूंनी कामगारांना सुट्टी दिली आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. कापूस आवाज गिळतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. खोलीत माल भरलेला असला, की दोन हातांवरच्या माणसालाही ओरडून सांगावं लागे. त्या खोलीत क्लबच्या पाहुण्यांच्या खोल्यांसाठी भरलेल्या नव्याकोऱ्या गाद्या होत्या. जाड, घट्ट टाक्यांच्या, काकूंनी स्वतः दाभणाने शिवलेल्या. दुसऱ्या दिवशी पोचवायच्या होत्या. काकूंनी एकेक गादी ओढून भिंतीला उभी केली. खिडकीवर दोन, मागच्या भिंतीला ओळीने, वर फळ्या टाकून त्यांवर दोन आडव्या. खाली एक अंथरली. पुढे शिरायला वाट ठेवली. आत जाऊन त्यांनी टाळी वाजवून बघितली. टाळी हातातच मेली.

संध्याकाळी काका नवा कोट घालून दारात आले आणि थबकले.

"या क्लबच्या गाद्या आहेत!"

"होत्या. त्यांना दुसऱ्या भरून देईन."

"नन्ना, आज एक दिवस. इतकी वर्षं मी खुर्च्या उचलल्या, आज पहिल्यांदा मला खुर्चीवर बसवतायत. तू शेजारी नसलीस तर मी काय सांगू लोकांना?"

हे मात्र काकूंना लागलं. त्यांनी कोटाच्या खांद्यावरचा कापूस चिमटीने काढला. "तुम्ही बसा. छान दिसताय. मी ऐकेन इथून. पण येणार नाही. लोकांना सांगा, बायको घरी आहे, एवढंच."

"कुत्रीसाठी."

"हो, कुत्रीसाठी. लाज वाटत असेल तर तेवढं गाळा."

काका पाय आपटत गेले. जाताना मागे बघून म्हणाले, "आईला न्यायला कुणाला तरी पाठवतो." सासूबाई नवे कपडे घालून, केस विंचरून, काठी घेऊन कारखान्याच्या पुढच्या दारात खुर्चीवर बसल्याच होत्या. लेकाचा सत्कार बघायला त्या दोन दिवस आधीपासून तयार होत्या.

काकूंनी उशीला उजेड होता तोवर फिरवून आणलं, खाऊ घातलं, पट्टा एक भोक घट्ट केला. पिंजायचं मशीन रिकामंच चालू केलं. घरघर सुरू झाली. मग त्या आतल्या खोलीशी गेल्या, गाद्यांच्या वाटेशी बसल्या आणि हाक मारली, "ये उशी."

उशी आली. वाटेपर्यंत आली आणि फरशीवर बसली.

"ये की. आत ये."

शेपटी हलली, पण उशी हलली नाही. काकू आत जाऊन बसल्या, गादीवर हात थोपटला, लाडाने बोलल्या, दटावलं. उशी पुढचा एक पाय उचले, गादीच्या काठाशी नेई आणि पोळल्यासारखा मागे घेई. काकूंना वाटलं जागा अनोळखी म्हणून घाबरतेय. त्यांनी स्वतःची रोजची चादर आणून अंथरली. तरी तेच. अंधार पडत चालला, मैदानावर माइकची खरखर सुरू झाली आणि उशी शिस्तीत फरशीवर.

तेवढ्यात वेळेच्या आधीच कुणीतरी एक बॉम्ब फोडून बघितला.

बाहेर मशीनजवळची काचेची बरणी थरथरली. उशी चारही पायांवर उडाली, कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली, गोल फिरली. तोंडातून लाळ गळायला लागली. तिने मशीनजवळच्या खिडकीकडे बघितलं. गेल्या वर्षी फाडलेल्या त्याच खिडकीकडे. उचलून आत टाकावी, असं हातांना वाटत होतं, पण ओढू नका म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणि घाबरलेल्या कुत्रीला ओढलं की काय होतं ते गेल्या वर्षी तिला पाइपातून काढताना काकूंनी बघितलंही होतं.

"उशी, अगं ये गं, बाई!"

उशी पुन्हा गादीच्या काठाशी आली. पाय उचलला. आणि पाय तसाच धरून तिने मान वळवली, पुढच्या दाराकडे. तिथे खुर्चीवर सासूबाई बसल्या होत्या, हातात काठी.

तेव्हा काकूंच्या डोक्यात प्रकाश पडला. जीव जायची वेळ आली तरी उशी कायदा मोडत नव्हती. विकायची गादी, खोळीला कोऱ्या कापडाचा वास, आणि म्हातारी समोर. काकूंनी जगातली सगळ्यात मऊ गुहा बांधली होती, तीही नेमकी त्याच गोष्टीची, जिच्यावर पाय ठेवायला उशीला आयुष्यभर मनाई होती.

"आई!" काकू ओरडल्या. "तिला सांगा हो! तुम्हाला विचारतेय ती!"

सासूबाईंना घ्यायला आलेला क्लबचा माणूस तेव्हाच पायरीवर चढत होता. "चला आजी, सत्काराला सुरुवात होतेय."

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, उशीकडे बघितलं. मग काठी त्या माणसाच्या हातात दिली. "ही घेऊन जा. बाहेर, लांब. हिला दिसता कामा नये."

"आजी, मग तुम्ही चालणार कशा?"

"जा म्हटलं ना!"

भिंतीला धरत, मशीनला धरत, नंतर काकूंच्या खांद्याला धरत सासूबाई आत आल्या. गुडघे वाकत नव्हते. शेवटी त्यांनी हात सोडले आणि पाठमोऱ्या धप्पकन नव्या गादीवर बसल्या. बसल्या त्या बसल्याच, पाय पसरून, चपलांसकट.

"बघ," त्या उशीला म्हणाल्या, "बसले मी. आता तूही ये, मेले. ये."

दुसरा बॉम्ब फुटला, तेव्हा उशी सासूबाईंच्या मांडीखाली डोकं घालून होती.

काकूंनी पुढून एक गादी अर्धी ओढून घेतली, वाट तेवढी ठेवली. आत अंधार होता, कोऱ्या कापसाचा वास होता, तिघींचा श्वास होता. बाहेरून मशीनची घरघर येत होती. माइकवरचं बोलणं पार दुरून आल्यासारखं ऐकू येत होतं. काकांचं नाव. टाळ्या. मग: "सचिवांच्या पत्नींनी व्यासपीठावर यावं." थोड्या वेळाने: "वहिनींनी जिथे असतील तिथून यावं." लोक हसले.

"तुला बोलावतायत," सासूबाई म्हणाल्या.

"ऐकतेय."

"लेकाचा सत्कार चुकवलास तू माझा."

"हो, आई."

"बघू नकोस माझ्याकडे. हिच्या कानावर हात ठेव."

मग आतषबाजी सुरू झाली. गाद्यांमधून बार धडधडत नव्हते, नुसते ढुप्प ढुप्प येत होते, कुणीतरी लांबवर रजया झोडपाव्यात तसे. पण छातीत जाणवत होतेच. काकूंचा तळवा उशीच्या बरगड्यांवर होता आणि त्याखाली ते थकलेलं हृदय असं धावत होतं, की काकू आपला श्वास धरून बसल्या. एका मोठ्या बारासरशी उशी उठली, वाटेकडे गेली. काकूंनी अडवलं नाही. नुसतं नाव घेतलं, रोजच्या आवाजात. उशी वाटेत उभी राहिली, बाहेरचा आवाज तिथे जास्त होता, आणि ती आपणहून मागे फिरली. पुन्हा सासूबाईंच्या मांडीखाली. हळूहळू थरथर कमी झाली, मध्ये थांबू लागली. तिने वाडग्यातलं पाणी चाटलं, दोनदाच, पण चाटलं.

आवाज थांबले. जेवणाच्या भांड्यांचा खणखणाट सुरू झाला. काकूंनी मान टेकली, आणि तेवढ्यात माइकवर अध्यक्षांचा आवाज आला: "कुणीही घाई करू नका! जेवणं आटपली की एक मोठी पेटी अजून बाकी आहे!"

काकू उठल्या.

"आई, हिला सोडू नका."

"मी कुठे जातेय," सासूबाई म्हणाल्या. "मला उठताच येत नाही."

मैदानावर लोक ताटं घेऊन उभे होते. केसात, भुवयांत, कपड्यांवर कापूस, अनवाणी अशा नन्नाकाकू त्यांच्यामधून चालत गेल्या. मैदानाच्या टोकाला फटाक्यांची ती पेटी होती, लाकडी, बंद. शेजारी अध्यक्ष उभे होते. "अरे वा, काकू आल्या! उशिरा का होईना! फोटोवाल्याला बोलवा!"

काकू पेटीवर बसल्या.

अध्यक्ष हसले. मग कुणीच हसेना म्हणून थांबले. "काकू, उठा."

"नाही."

"अहो, गंमत पुरे. लोक वाट बघतायत."

"गंमत नाही ही. तुमच्या दुकानात आले, सांगितलं, तीही गंमत नव्हती. आज एकदा सोसलं उशीने. दुसऱ्यांदा नाही सोसणार. ही पेटी उडवायची असेल तर नदीकाठी न्या. इथे मी बसलेय."

"तुमच्या एकटीच्या हट्टासाठी…"

"हो, माझ्या एकटीच्या. आणि तुमच्या पाहुण्यांच्या गाद्यांवर आमची कुत्री आणि सासूबाई बसल्यात. त्या तुम्हाला मिळणार नाहीत. दुसऱ्या मिळतील. चांगल्या मिळतील, पण उशिरा."

अध्यक्षांनी सवयीने मान वळवली. "सचिवसाहेब, समजवा हो तुम्ही यांना."

काका पलीकडे ताट घेऊन उभे होते, कोटाला गुलाब लावलेला. सगळ्या मैदानाने त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडात "हो हो" तयारच असायचं. ते पेटीजवळ आले. बायकोकडे बघितलं, तिच्या पायाकडे बघितलं, घोट्याला खरचटलं होतं.

"सरक जरा," ते म्हणाले.

काकू सरकल्या. काका शेजारी बसले. ताट दोघांच्या मधे ठेवलं.

अध्यक्ष टँकरवाल्यावर उगाचच ओरडत निघून गेले. लोकही पांगू लागले. कुणी हसत होतं, कुणी नाक मुरडत होतं, एक बाई जाता जाता हळूच म्हणाली, "आमचं मांजरसुद्धा माळ्यावरून उतरलं नाही हो दुपारपासून." काकूंनी तिच्याकडे बघून मान हलवली.

"कशी आहे?" काकांनी खालच्या आवाजात विचारलं.

"आहे. धापा टाकतेय, पण पाणी प्यायली."

"आणि आई?"

"त्या तिच्यापेक्षा जास्त घाबरल्यात. विचारू नका पण, कबूल नाही करणार."

मैदानातले दिवे एकेक करून बंद झाले. पेटी न्यायला टेंपोवाला आला आणि दोघांसमोर घुटमळत उभा राहिला.

"कुठे नेतोस?" काकूंनी विचारलं.

"गोदामात, काकू. शपथ."

"टेंपो इकडे घे. पेटी चढलेली बघते, मग जाते."